पांढऱ्या पेशींचा काउंट पडल्यावर रोजचं इंजेक्शन की एकदाच पेगचं इंजेक्शन? गावात राहून केमो घेणाऱ्यांसाठी

केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, आणि त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेल्या की साधं इन्फेक्शनपण जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर पेशी वाढवायचं इंजेक्शन देतात. त्यात दोन प्रकार आहेत, कुठलं घ्यायचं ते घरी बसून ठरवून मगच मुंबईत परळच्या कॅन्सर हॉस्पिटलला जा, ओपीडीच्या गर्दीत काही सुचत नाही.

रोजचं म्हणजे फिलग्रास्टिम. केमो संपून २४ तास झाल्यावरच सुरू होतं आणि काउंट वर येईपर्यंत रोज एक, मध्ये सीबीसी, म्हणजे पेशी मोजायची रक्ततपासणी, करत राहायचं. एक इंजेक्शन पेगपेक्षा बरंच स्वस्त, पण रत्नागिरी शहरात राहणाऱ्याचा हिशोब वेगळा आणि राजापूरच्या आतल्या वाडीतल्या माणसाचा वेगळा, कारण रोजची रिक्षा, सोबतच्याची बुडालेली मजुरी आणि पावसाळ्यात तासन्‌तास गेलेली लाईट हे सगळं त्यात धरावं लागतं, औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं ना. नर्सकडून शिकून घरच्या कोणी टोचलं तर मात्र बराच खर्च वाचतो.

पेग म्हणजे पेगफिलग्रास्टिम, एका सायकलला, म्हणजे केमोच्या एका फेरीला, एकच. याचा रेणू मोठा केलेला असतो त्यामुळे किडनीतून पटकन बाहेर जात नाही, न्यूट्रोफिलच ते संपवतात, म्हणजे काउंट वाढला की औषध आपोआप उतरतं. किती सोयीचं आहे बघा! पण महाग आहे, आणि पुढची केमो १४ दिवसांच्या आत असेल तर देत नाहीत, म्हणून दर आठवड्याची केमो असणाऱ्यांना सहसा रोजचंच. हाडं दोन्हींत दुखतात, कंबर आणि छाती जास्त.

माझं स्पष्ट मत, तीन आठवड्यांची सायकल आहे, घर आडबाजूला आहे आणि जून-जुलै तोंडावर आहे तर पेगसाठी पैसे उभे करा. दवाखाना चालत जाण्यासारखा असेल तर रोजचं घ्या, परिणामात फार कमी पडत नाही.

काउंट वाढावा म्हणून पपईच्या पानांच्या रसावर विसंबू नका प्लीज. मासे खुशाल खा पण नीट शिजवून, कच्ची कालवं अजिबात नको, विहिरीचं पाणी उकळून.

आणि कुठलंही इंजेक्शन घेतलं तरी ताप येऊ शकतो. १००.४ फॅरनहाइट दिसला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, गोळीने ताप लपतो आणि तेवढ्यात इन्फेक्शन पसरतं, लगेच निघायचं. त्यासाठी जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात रात्रीपण शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात ते पहिल्या केमोच्या आधीच फोन करून विचारा, आणि वाडीतल्या गाडीवाल्याला सांगून ठेवा.