स्टार्टरचा स्क्रू, ‘स्टार’चा घोळ आणि माझ्या पिशवीतले तीन स्क्रू ड्रायव्हर

मागच्या रब्बीत, हरभरा फुलात असताना, गोदाकाठच्या एका गावचे मामा शेतातल्या मोटारीचा स्टार्टर मोटारसायकलला बांधून माझ्या मानवतच्या दुकानात आले. “तीन रात्री झाल्या. लाइट आली की मोटार पाच-दहा मिनिटं चालती अन् बंद पडती. रिले नवा टाकला, तरी तेच.”

झाकण उघडलं. रिले, म्हणजे लोड वाढला की मोटार बंद पाडणारा भाग, ठणठणीत होता. पण मधल्या फेजच्या टर्मिनलवर (वायर स्क्रूनं आवळतात त्या जागी) वायर काळी पडलेली, वरचं प्लास्टिक वितळून लोंबत होतं, आणि स्क्रूची खाच घासून वाटीसारखी गोल झालेली. स्क्रू आवळलाच जात नव्हता. वायर ढिली, म्हणून तिथं गरमी. ती गरमी शेजारच्या रिलेच्या पट्टीपर्यंत जाते, पट्टीला वाटतं मोटारीवर लोड आलाय, आणि ती ट्रिप मारते. पट्टीला लोडची गरमी वेगळी आणि ढिल्या वायरची वेगळी कळत नाही.

मामांचा मुलगा सोबत होता. त्यानं पिशवीतून ड्रायव्हर काढला. आठवडी बाजारात घेतलेला 32 बिटांचा, म्हणजे बदलायच्या टोकांचा, डबा, 180 रुपयांचा. प्लसच्या बिटाची चारही टोकं मऊ होऊन वळलेली होती. “स्क्रूच हलके यायलेत आता, काका,” तो म्हणाला. हे मी 22 वर्षं रोज ऐकतो. स्क्रू हलका असतोही कधी, पण दहातल्या आठ वेळा त्याचं तोंड खाल्लं जातं ते चुकीच्या टोकानं. म्हणून हे लिहायला बसलो.

आपल्याकडं दुकानात ‘स्टार द्या’ म्हटलं की चार धारांचा प्लस हातात येतो. सहा पाकळ्यांच्या टॉर्क्सलाही ‘स्टार’च म्हणतात, आणि प्लसमध्येही निदान तीन जाती आहेत, हे काउंटरवर कुणी विचारतच नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो.

पहिली जात फिलिप्स. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सच्या नावावर 1936 साली पेटंट झालं आणि गाड्यांच्या कारखान्यांनी ती उचलली, कारण टोक आपोआप मधोमध बसतं. पण तिच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात. जोर लावला की टोक उतारावरून वर सरकतं. आपण म्हणतो ‘ड्रायव्हर उडाला’. म्हणून फिलिप्सला फिरवण्याइतकाच दाबही द्यावा लागतो.

दुसरी पोझिड्राइव्ह. 1960 च्या दशकात आलेली. भिंती जवळजवळ सरळ, त्यामुळं टोक वर ढकललं जात नाही. ओळखायची खूण सोपी: स्क्रूच्या डोक्यावर मोठ्या प्लसच्या मधे तिरक्या चार बारीक रेघा दिसतात. भिंगाची गरज नाही, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला तरी दिसतात. पीएच म्हणजे फिलिप्स, पीझेड म्हणजे पोझिड्राइव्ह, एवढं दांड्यावर वाचून घ्यायचं.

आता मामांचा स्क्रू. एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटार चालू-बंद करणारा भाग) यांच्या टर्मिनलवर बहुतेक वेळा प्लस आणि चपटी अशी दोन्ही खाच एकत्र असते, आणि त्यातला प्लस बरेचदा पोझिड्राइव्हच्या घराण्यातला असतो. साधा दोन नंबरचा फिलिप्स (पीएच 2) त्यात जातो, फिरतोही, म्हणून माणसाला वाटतं बरोबर आहे. पण तो कोपऱ्यांवरच टेकलेला असतो. पहिल्यांदा आवळताना चालतो. दुसऱ्यांदा सोडवताना कोपरे झिजतात. तिसऱ्यांदा वाटी होते.

तिसरी जात जपानी. हिरो होंडाची सीडी 100 आपल्या भागात घराघरांत होती. तिच्या आणि नंतरच्या बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांच्या कार्बोरेटरवर, इंजिनच्या झाकणावर हेच प्लस स्क्रू. दिसायला फिलिप्स, पण खाच थोडी वेगळी. बऱ्याचशा स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं, ती जपानी खूण. फिलिप्सचं टोक त्यात पुरतं तळाला जात नाही, वरच्या वरच फिरतं. कार्बोरेटरच्या वाटीचे स्क्रू खाल्लेले नाहीत अशी जुनी गाडी मला महिन्यातून एखादीच दिसते. उलट जपानी टोक फिलिप्सच्या खाचेत बऱ्यापैकी बसतं. अशा गाड्यांसाठी हातात एकच प्लस ठेवायचा असेल तर मी जपानीच ठेवीन.

चपट्याबद्दल थोडकंच. टोकाची रुंदी खाचेच्या लांबीइतकी हवी आणि जाडी खाच भरेल इतकी. शिलाई मशीनच्या सुईपट्टीच्या स्क्रूला लोक भाजीच्या सुरीचं टोक लावतात, ते बघवत नाही. टॉर्क्स उत्तमच, टोक उडत नाही, दाब द्यावा लागत नाही. पण शेतातल्या स्टार्टरवर ते क्वचित भेटतं, म्हणून टी 15 आणि टी 20 अशी दोन मापं ठेवली की माझं भागतं.

आता माझ्या पिशवीतले तीन.

पहिला तापडियाचा पीएच 2, नाशिकच्या कंपनीचा. सहा वर्षं झाली. पंख्याचे, बोर्डाचे, पेटीचे, सगळे स्क्रू यानंच काढतो. दोनशेच्या आत मिळाला, मानवत-परभणीत कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडं मिळतो, टोक अजून धारदार आहे. रोजच्या वापराला याहून जास्त पैसे टाकायची गरज मला पडलेली नाही. घरी एकच घ्यायचा असेल तर हा घ्या, बिटांचा डबा नको.

दुसरा विहाचा, जर्मन, प्लस-मायनस टोकाचा, खास टर्मिनलसाठी. किंमत तापडियाच्या चार-पाच पट, आणि मला मागवून घ्यावा लागला. पहिल्या दिवशी एमसीबीच्या स्क्रूत ठेवला आणि हात सोडला, तर ड्रायव्हर तसाच उभा राहिला. डुलला नाही. दोन बोटांनी आवळलं तरी स्क्रू तळापर्यंत बसला. याचं इन्सुलेशन टोकाकडं बारीक केलेलं आहे, म्हणून खोल टर्मिनलमध्येही जातो. दांड्यावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि 1000 व्होल्ट लिहिलेलं आहे. ही खूण बघूनच घ्यायचा. नुसती प्लास्टिकची नळी चढवलेला दांडा म्हणजे इन्सुलेटेड नव्हे. ती नळी कुणी तपासलेली नसते. आणि खूण असली तरी 415 व्होल्टच्या पेटीत हात घालण्याआधी मेन पाडायचा आणि फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, हे मी प्रत्येक पोराला सांगतो. जो दिवसाला दोन पेट्या उघडतो त्यानं हा घ्यावाच. वर्षातून एकदा झाकण काढणाऱ्याला नाही लागत.

तिसरा व्हेसलचा, जपानी. संभाजीनगरला जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात सापडला, 60 रुपयांना. मूठ लाकडी, दांडा मुठीतून आरपार शेवटपर्यंत गेलेला, त्यामुळं मागून हातोडीची टिचकी मारता येते. गंजलेल्या स्क्रूला आधी तेल, दहा मिनिटं थांबायचं, मग टोक बसवून दोन टिचक्या, मग फिरवायचं. निम्मे स्क्रू एवढ्यानंच सुटतात.

दुकानात जाताना ज्या कामासाठी घेताय तो स्क्रूच खिशात घेऊन जा. टोकावर स्क्रू बसवा, ड्रायव्हर आडवा धरा आणि स्क्रू बोटानं हलवून बघा. डुलला तर परत ठेवा. चुंबक लावलेला असेल तर फसू नका. टोक नीट न बसलेल्या स्क्रूलाही चुंबक धरून ठेवतो. पोलाद कसं आहे ते कानशीनं कळतं: चांगल्या टोकावरून कानस घसरते, हलकं टोक लगेच भुसा सोडतं. दुकानदार हे करू देणार नाही, म्हणून नव्या कंपनीचा आधी एकच घ्यायचा.

मामांचा स्क्रू मी शेवटी पकडीनं डोकं धरून काढला. काळी वायर बोटभर कापली, वायरच्या टोकाला नवी थिंबल (धातूची टोपी) दाबली, नवा स्क्रू विहाच्या टोकानं आवळला. रात्री साडेअकराला फोन आला, “दोन तास झाले, चालू हाय.”

आठ दिवसांनी तोच मुलगा दुकानापुढं गाडी ढकलत आला. कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत होतं. वाटीचे स्क्रू मी आधी पाहिले. कुठल्याच स्क्रूवर ओरखडा नव्हता. “हात लावला नाही, काका,” तो म्हणाला. “टिंब दिसलं. तुमचा तो लाकडी मुठीचा काढा.”