जुन्या मर्सिडीजला दुसऱ्या गाडीची चाकं: कोणती बसतात आणि कोणती नुसती ‘बसवली’ जातात

भारतात जोडली गेलेली पहिली मर्सिडीज कार म्हणजे डब्ल्यू १२४, ई क्लासची जुनी पिढी. १९९५ मध्ये टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) पिंपरी-चिंचवडच्या आवारातून ई २२० आणि ई २५० डी बाहेर पडू लागल्या आणि त्यातल्या बऱ्याच अजून धावतायत. इंजिन दमलेलं नसतं, पत्रा ठणठणीत असतो, पण चाकं थकलेली असतात. खड्ड्यांनी रिम वाकलेली, कुठेतरी वेल्डिंग झालेलं, रंग उडालेला. मग गॅरेजवाला म्हणतो, “साहेब, ऑडीचा सेट आलाय, सेम पीसीडी आहे, टाकून देऊ.”

पीसीडी म्हणजे बोल्टांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास. सेम पीसीडी हे खरं असतं, पण अर्धंच. पाच बोल्ट ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर असले की चाक गाडीवर चढतं, एवढाच त्याचा अर्थ. ते नीट बसलं का, हे आणखी तीन गोष्टींवर ठरतं: मधल्या भोकाचा व्यास (सेंटर बोअर), बोल्टाचं डोकं चाकात जिथे टेकतं त्या बैठकीचा आकार आणि ऑफसेट. ऑफसेट म्हणजे हबला, गाडीच्या ज्या भागावर चाक चढतं त्याला, टेकणारं चाकाचं तोंड रिमच्या मध्यापासून किती अंतरावर आहे ते; आकडा जितका लहान तितकं चाक बाहेर. बाजारात सहज मिळणारे पर्याय आधी एकाशेजारी एक मांडतो. चाकाची रुंदी आणि व्यास इंचांत आहे, बाकी सगळी मापं मिलिमीटरमध्ये; एम १२ म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचा बोल्ट.

| चाक | पीसीडी | सेंटर बोअर | बोल्ट आणि त्याची बैठक | ऑफसेट |
|---|---|---|---|---|
| डब्ल्यू १२४ मूळ, ६.५ × १५ इंच | ५ × ११२ | ६६.६ | एम १२, गोल (त्रिज्या १२) | ४९ |
| पुढची ई क्लास डब्ल्यू २१०, ७.५ × १६ इंच | ५ × ११२ | ६६.६ | एम १२, गोल (त्रिज्या १२) | ४१ |
| ऑडी ए ४ (बी ८), ७.५ × १७ इंच | ५ × ११२ | ६६.५ | एम १४, गोल (त्रिज्या १३) | ४५ |
| स्कोडा लॉरा, सुपर्ब | ५ × ११२ | ५७.१ | एम १४, गोल (त्रिज्या १३) | साधारण ४५ ते ५० |
| बीएमडब्ल्यू ५ सिरीज (जी ३०), १७ इंच | ५ × ११२ | ६६.५ | एम १४, निमुळती | साधारण २७ ते ३० |

पीसीडीच्या रकान्यात सगळे भाऊ-भाऊ दिसतात. भांडणं सुरू होतात ती पुढच्या रकान्यांत.

ऑडीचं चाक बाहेरच्या मेकमधलं सगळ्यात जवळचं. बी ८ पिढीपासूनच्या ए ४ चा बोअर ६६.५ आहे, आपल्या हबचा ६६.६. कागदावर हा फरक नगण्य वाटतो, प्रत्यक्षात चाक हबवर चढताना घट्ट जातं आणि कधी जातच नाही. तीस वर्षांच्या हबवर गंजाचा थर असेल तर हमखास अडतं. आधी हबचा ओठ तारेच्या ब्रशने चकचकीत साफ करा, बोअरच्या कडेवरचा पावडर कोटिंगचा थर बारीक पॉलिश पेपरने काढा आणि मग हाताने दाबून बघा. हाताने बसलं तर ठीक. बोल्ट आवळून ओढून घेतलं किंवा रबरी हातोड्याने ठोकून बसवलं, तर रस्त्यात पंक्चर झाल्यावर ते चाक काढताना तुमचा आणि मदतीला थांबलेल्या प्रत्येक माणसाचा अंत बघेल.

बोल्टाचं प्रकरण जास्त गंभीर आहे. ऑडीच्या चाकातला खळगा १३ त्रिज्येच्या गोलाईचा. मर्सिडीजच्या मूळ बोल्टाचं डोकं १२ त्रिज्येचं. लहान गोळा मोठ्या वाटीत ठेवला तर तो एका बारीक रेषेवरच टेकतो, पूर्ण पृष्ठभागावर नाही. पाना फिरवताना हे कळत नाही, बोल्ट छान आवळल्यासारखा वाटतो. काही दिवस गाडी चालली, अॅल्युमिनियम त्या रेषेवर दबलं की ताण उतरतो आणि बोल्ट सैल होतो. ऑडीचेच बोल्ट वापरू म्हणाल तर ते १४ मिलिमीटरचे, आपल्या १२ च्या आट्यात जाणारच नाहीत. म्हणजे आटा एम १२ × १.५ आणि डोकं १३ त्रिज्येचं, असे खास बोल्ट मागवावे लागतात. ते मिळतात. दुकानदार “साधे चालतात” म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

ऑफसेटच्या बाबतीत ऑडी समजूतदार आहे. मूळ चाकाच्या तुलनेत बाहेरची कड सुमारे १७ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली जेमतेम ९ मिलिमीटर आत जाते. मडगार्डच्या आत राहतं आणि गाडी भरल्यासारखी दिसते. तरी स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण तोडून, मागे चार माणसं बसवून, कुठे घासतं का ते टायर चढवल्यावर लगेच बघून घ्यायचं.

स्कोडाची चाकं स्वस्त आणि मुबलक. लॉरा आणि सुपर्बचे सेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत विचारले की दिसतात. पण बोअर ५७.१. आपला हब त्याहून साडेनऊ मिलिमीटरने जाड, तेव्हा चाक हबला टेकतच नाही. मग ते लेथवर लावून बोअर मोठा करायचा, प्रत्येक बाजूने पावणेपाच मिलिमीटर माल काढायचा. हे करणारे कुशल टर्नर आहेत, नाही असं नाही. प्रश्न असा की चाक लेथवर पकडताना कशाच्या आधारे पकडलं. बाहेरच्या वाकलेल्या कडेवरून पकडलं तर नवं भोक मध्यावर येत नाही आणि मग जन्मभर बॅलन्सिंग करत बसा. शिवाय एकदा कापलेला माल परत येत नाही, ते चाक विकताना अडचणीचं ठरतं. बोल्टाचा ऑडीवाला त्रास इथेही आहेच. माझ्या मते हा पर्याय पैसे वाचवणारा वाटतो, वाचवत नाही.

नव्या बीएमडब्ल्यूची चाकं हल्ली लोकांच्या डोळ्यांत भरतात. जुन्या बीएमडब्ल्यू ५ × १२० वर होत्या, तेव्हा कुणी नाव काढत नव्हतं. कंपनी ५ × ११२ वर आली आणि रस्ता खुला झाला असं वाटू लागलं. बोअरचं गणित ऑडीसारखंच. बैठक मात्र निमुळती, त्यामुळे मर्सिडीजचे गोल डोक्याचे बोल्ट इथे अजिबात लावायचे नाहीत. निमुळत्या डोक्याचे एम १२ बोल्ट घ्यायचे आणि डोक्याचा व्यास मोठाच हवा, कारण चाकातलं भोक १४ च्या बोल्टासाठी केलेलं असतं. तेवढं जमलं तरी ऑफसेट उरतोच. साडेसात इंच रुंद, ऑफसेट २७ चं चाक मूळ चाकापेक्षा जवळजवळ ३५ मिलिमीटर बाहेर येतं. डब्ल्यू १२४ चे साधे मडगार्ड त्याला पुरत नाहीत. मर्सिडीजने याच पिढीतल्या ताकदवान ५०० ई ला ८ इंची, ३४ ऑफसेटची चाकं दिली तेव्हा मडगार्डही रुंद केले होते. आपल्या गाडीचे तसे नाहीत. चाक बाहेर आलं की स्टिअरिंग जड होतं, रस्त्यावरच्या चाकोऱ्या गाडीला खेचायला लागतात, बेअरिंगवर भार वाढतो आणि पावसात मागच्या दारापर्यंत चिखल उडतो.

अॅडॅप्टर, म्हणजे दोन वेगळे पीसीडी जुळवणारी जाड चकती, लावून जुन्या बीएमडब्ल्यूची चाकं बसवण्याचा एक प्रकारही चालतो. जुन्या ५ सिरीजचा (ई ३९) ऑफसेट २०, अॅडॅप्टर निदान २० मिलिमीटर जाड. वजा करा, शून्य उरतो. यावर आणखी लिहायची गरज नाही.

एका चुकीच्या चाकाबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण ते फसवतं. ह्युंदाईचं, समजा क्रेटाचं. त्याचा बोअर ६७.१, म्हणजे आपल्या हबवर ते अलगद, जवळजवळ मापात बसतं. हाताला इतकं बरं वाटतं की संशयच येत नाही. पण पीसीडी ११४.३. पहिला बोल्ट आरामात जातो, दुसरा जातो, तिसऱ्यापासून आटा तिरका धरतो आणि मग न्यूमॅटिक गन लावली की पाचही ‘बसतात’. प्रत्येक भोक सव्वा मिलिमीटरच्या आसपास सरकलेलं असल्यामुळे बोल्टाचं डोकं बैठकीच्या एकाच अंगाला दाबतं, दुसऱ्या अंगाला फट राहते. साधा कागद घालून पाहिलात तर आत जातो. हे चाक गाडीवर राहू देऊ नका, अगदी घरापर्यंत नेण्यापुरतंसुद्धा नाही. इनोव्हा आणि होंडाच्या ११४.३ वाल्या चाकांनाही हेच लागू.

नवीन आफ्टरमार्केट मॅगव्हील घ्यायची असतील तर बहुतेकांचा बोअर ७३.१ असतो, सगळ्यांना चालावा म्हणून. मधली जागा ७३.१ ते ६६.६ च्या हब रिंगने भरायची. रिंग न लावता चाक घातलं की ते फक्त बोल्टांवर मध्यात येतं आणि एक्स्प्रेसवेवर ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक बॅलन्सिंगवाल्याला दोष देतात, तो बिचारा वजनं चिकटवत राहतो. रिंग अॅल्युमिनियमची घ्या, प्लास्टिकची ब्रेकच्या उष्णतेने कालांतराने बसकी होते. दहा भोकांची, दोन पीसीडींची चाकं टाळलेली बरी, भोकांच्या मधला माल कमी उरतो आणि दिसायलाही चाळणीसारखी दिसतात. चाकाच्या आत किती किलोचा भार चालतो तो कोरलेला असतो, तो वाचूनच पैसे द्या.

आता माझा कौल. तुमची मूळ चाकं तडकलेली नसतील, फक्त वाकलेली असतील, तर सरळ करून, पावडर कोटिंग करून तीच ठेवा. १९५/६५ आर १५ हे माप सगळीकडे मिळतं, टायरअभावी चाकं बदलायची वेळ आलेली नाही. बदलायचीच असतील तर पहिली पसंती डब्ल्यू २१० च्या १६ इंची चाकाला. तीही गाडी पुण्यातच जोडली जायची, त्यामुळे जुने सेट इथे सापडतात. हब, बोल्ट, बैठक सगळं तेच, फक्त कड २१ मिलिमीटर बाहेर. एक लक्षात ठेवा, त्याहून अलीकडच्या मर्सिडीजची चाकं घरचीच असली तरी बऱ्याच मॉडेलांचे बोल्ट एम १४ आणि १४ त्रिज्येचे आहेत, तिथे पुन्हा ऑडीवालाच घोळ.

टायर २०५/५५ आर १६. मूळ टायरचा बाहेरचा व्यास ६३४ मिलिमीटरच्या आसपास, याचा ६३२. स्पीडोमीटरला फरक कळत नाही. भाराचा निर्देशांकही दोन्हींचा साधारणतः ९१, म्हणजे टायरमागे ६१५ किलो. ऑडीच्या १७ इंची चाकावर २२५/४५ घातला तर व्यास पुन्हा मूळ मापाचाच येतो, पण रबराची भिंत १२७ वरून १०१ मिलिमीटरवर येते. डब्ल्यू १२४ ची सगळी मजा त्या मऊ चालीत आहे. तिला कडक करून तुम्ही दिसण्याचे पैसे कमरेकडून वसूल करताय. ज्यांची गाडी महिन्यातून दोनदा रविवारी सकाळी बाहेर निघते त्यांनी १७ इंची ऑडी खुशाल घ्यावी, गाडीवर ती शोभतेही. रोज कात्रज ते हिंजवडी करणाऱ्याने नाही. १८ इंचाचा विचार मी दोघांनाही करू देणार नाही.

जुना सेट घेताना चाक उलटं करून स्पोकच्या मागे बघा. ‘७½ जे × १६ एच २’ आणि ‘ईटी ४१’ (ईटी म्हणजे ऑफसेट) असं कोरलेलं असतं, मर्सिडीजचा भाग क्रमांक ‘ए’ने सुरू होतो. काही कोरलेलंच नसेल तर ती नक्कल समजा आणि किंमत त्या हिशोबाने बोला. आतली कड बोटाने चाचपा, वेल्डिंगचा उंचवटा रंगाखालीही लागतो. आणि टायर चढवण्याआधी रिकामी रिम बॅलन्सिंग मशिनवर फिरवून घ्या. दुकानदार कुरकुरला तरी फिरवाच.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. मडगार्डच्या आत राहणाऱ्या, मूळ व्यासाच्या चाकाकडे सहसा कुणी वाकड्या नजरेने बघत नाही. पण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओसमोर उभी राहते, तेव्हा बाहेर आलेला टायर पहिल्यांदा डोळ्यात येतो. नव्या चाकांची नोंद विमा पॉलिसीतही करून घ्या.

बसवताना गाडीच्या हत्यारांतली ती लांब पिन वापरा, वरच्या आट्यात ती फिरवली की चाक तिच्यावर लटकवून सरळ हबवर सरकवता येतं. बोल्ट हाताने सुरू करायचे, आडवे-तिडवे क्रम पाळत टॉर्क पान्याने ११० न्यूटन मीटरला आवळायचे, पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. डिकीतली स्टेपनी बहुधा पत्र्याचीच असेल. अॅलॉयचे लांब बोल्ट तिला लावले तर टोकं मागून बाहेर येऊन मागच्या चाकातल्या हँडब्रेकच्या शूजना घासतात. म्हणून पत्र्याच्या चाकाचे पाच आखूड बोल्ट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यातच ठेवा, आणि गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला ते कशासाठी आहेत ते सांगून ठेवा.