काचकांड्यांच्या सफाईसाठी सायट्रिक अ‍ॅसिड : सहा महिन्यांच्या वापरानंतर

लॅम्पवर्कचे, म्हणजे टॉर्चच्या (गॅसच्या शेगडीच्या) ज्योतीत काचेच्या कांड्या वितळवून, मणी करणाऱ्याला सर्वांत जास्त छळते ती पारदर्शक काच. अपारदर्शक रंगात खपून जाणारा धुळीचा कण किंवा बोटाचा तेलकट ठसा पारदर्शक आवरणाखाली राखाडी रेघ होऊन बसतो, आणि मणी भट्टीतून निवून बाहेर आला की त्याला काही इलाज उरत नाही. या त्रासावर उपाय म्हणून मी सायट्रिक अ‍ॅसिडची, म्हणजे लिंबूसत्त्वाची, एक किलोची पिशवी आणली आणि गेले सहा महिने काचकांड्या ज्योतीत धरण्यापूर्वी त्याच्या द्रावणात बुडवत आले. माझ्याकडच्या बहुतेक कांड्या 104 प्रसरण गुणांकाच्या (तापल्यावर काच किती प्रसरण पावते याचे माप) मऊ सोडा-चुना काचेच्या, 5 ते 6 मिलिमीटर जाडीच्या आहेत. पुढचे मत त्यांच्यापुरतेच समजावे.

एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम भुकटी सहज विरघळते, तळाशी काही साचत नाही आणि वासही येत नाही. कांड्या आडव्या मावतील अशा लांबट प्लास्टिकच्या तबकात त्या वीस मिनिटे ठेवायच्या, मऊ ब्रशने हलकेच फिरवून घ्यायच्या, साध्या पाण्याने धुवायच्या आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्यातून काढून तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसायच्या. कृती एवढीच आहे. यातली शेवटची धुणावळ मात्र मी पहिले दोन महिने वगळत होते, आणि या उत्पादनाविषयी माझे मत बदलले ते नेमके त्यामुळेच.

दमट जागी ठेवलेल्या कांड्यांवर पांढुरकी साय धरते. हवेतली आर्द्रता काचेच्या पृष्ठभागातला सोडियम बाहेर ओढते आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन सोडियम कार्बोनेटचा थर बनतो. हा थर अ‍ॅसिडमुळेच जातो असे मी धरून चालले होते. एकदा सहज म्हणून एकाच कांडीचे तीन तुकडे केले. एक तसाच ठेवला, एक नुसत्या कोमट पाण्यात बुडवला आणि तिसरा अ‍ॅसिडमध्ये. काळ्या गाभ्यावर तिन्हींचे आवरण चढवून तीन मणी केले आणि भिंगाखाली धरले. न धुतलेल्या तुकड्याच्या मण्यात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे ओळीने दिसत होते. उरलेल्या दोन मण्यांत मला काहीही फरक सापडला नाही. सोडियम कार्बोनेट पाण्यातच विरघळते, त्यामुळे त्यासाठी अ‍ॅसिडची गरज नव्हती.

मग अ‍ॅसिडने काढले ते काय? ज्या कांड्या मी आधी नळाच्या पाण्याने धुऊन तशाच वाळवल्या होत्या, त्यांच्यावर गोल कडांचे पांढरे डाग होते आणि ते पाण्याने हलत नव्हते. हे जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार. द्रावणात टाकताच त्यांच्यावर बारीक फेस येतो आणि दहा मिनिटांत काच लख्ख होते. म्हणजे ज्या डागांसाठी मी लिंबूसत्त्वाचे कौतुक करत होते, ते डाग माझ्याच धुण्याने पडलेले होते! तरीही हे काम ते उत्तम करते हे मान्य करावेच लागेल. पूर्वी मी याच कामासाठी व्हिनेगर वापरत असे. त्यानेही क्षार जातात, परंतु त्यातले अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सौम्य असल्याने तेवढ्याच कामाला बराच अधिक वेळ लागतो आणि खोलीभर वास दरवळतो तो वेगळाच.

काही गोष्टी मात्र याच्या आवाक्याबाहेर आहेत. बोटांचा तेलकटपणा आणि लेबलचा चिकटा यांवर ते जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवणेच बरे, आणि तोही अल्कोहोलची बाटली टॉर्चपासून लांब ठेवून व कांडी पूर्ण वाळल्यावरच ज्योत पेटवून. प्राणवायू कमी पडलेल्या ज्योतीमुळे येणारी काजळी, तांब्याच्या निळसर-हिरव्या काचेवर चढणारी करडी-लालसर झाक, किंवा काच फार तापवून उकळल्याने आलेले बुडबुडे हे दोष ज्योतीचे आहेत. कांडी कितीही धुतली तरी ते टळत नाहीत. डायक्रोइक लेप (कोन बदलला की रंग बदलणारा पातळ थर) असलेल्या कांड्या आणि शिशाची काच मी या तबकात मुळीच घालत नाही. लेपाची खात्री नाही, आणि शिशाच्या काचेतून अ‍ॅसिडमध्ये शिसे सुटते.

सौम्य म्हटले तरी हे अ‍ॅसिडच आहे. भुकटी मोजताना डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेत, आणि क्लोरिन असलेल्या ब्लीचच्या आसपासही ते नेऊ नये, कारण दोन्ही मिसळल्यास विषारी क्लोरिन वायू सुटतो. काच खरवडण्यासाठी मिळणारी फ्लोराइडयुक्त क्रीम हा निराळाच आणि घातक प्रकार आहे. तो याचा पर्याय समजण्याची चूक कोणी करू नये. तबक मी संगमरवरी ओट्यावर ठेवले होते, तर दोन थेंबांनी तिथली चकाकी कायमची गेली. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

वाळवण्यात घाई केल्याचाही एक फटका बसला. कांडीच्या तुटक्या टोकाला केसाएवढी चीर होती आणि तिच्यात पाणी राहिले होते. ज्योतीजवळ नेताच फट् आवाज होऊन तुकडा उडाला. तेव्हापासून धुतलेल्या कांड्या मी रात्रभर उभ्या ठेवते, चिरलेली टोके आधीच छाटून टाकते आणि कांडी ज्योतीच्या दूरच्या टोकात हळूहळू तापवत आत आणते.

माझी खरी तक्रार आहे ती पिशवीबद्दल. तिची चिमटपट्टी तिसऱ्याच महिन्यात उसवली आणि आर्द्रता ओढून भुकटीचे दगडासारखे गोळे झाले. गुणात फरक पडला नाही, पण 50 ग्रॅम मोजायला खलबत्ता घ्यावा लागला. शिवाय भुकटी निर्जल आहे की स्फटिकजल असलेली, याचा वेष्टनावर कुठेही उल्लेख नाही. दुसरी पिशवी मी घेणार आहे, पण अर्धा किलोची, आणि आणल्या आणल्या ती घट्ट झाकणाच्या बरणीत रिकामी करणार आहे.