टोपणनावाचा ब्लॉग आणि न बोलणारे वाचक : अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या वर्षी श्रावणात मी टोपणनावाने ब्लॉग सुरू केला, आता आषाढ संपत आलाय. सुरू करायच्या आधी मी असा अनुभव शोधत होते की बाबा कोणीतरी सांगा, नाव न सांगता लिहिलं तर चालतं का, कोण वाचतं, पकडले जातो का, आणि मुळात काही उपयोग होतो का. मराठीत फारसं सापडलं नाही म्हणून आता मीच लिहितेय.

आधी कशासाठी लिहिते ते सांगते. माझ्या सासूबाईंना, आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, चौथं वर्ष चालू. संध्याकाळ झाली की गाठोडं बांधून उंबऱ्यावर बसतात आणि म्हणतात मला घरी सोडा. ज्या घरात त्या सत्तेचाळीस वर्षं राहिल्यात त्याच घरात बसून. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे असा २०२३ साली अंदाज आला होता, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, आणि प्रत्येकामागे घरातलं कोणीतरी रात्री जागं असणारच. पण आमच्या तालुक्याच्या गावात मला चार वर्षांत असं एकही माणूस भेटलं नाही जे उघड म्हणालं की आमच्याकडेही हेच आहे. 'डोक्यावर परिणाम झालाय' एवढं कुजबुजून लोक विषय बदलतात.

नाव न देण्याचं लोकांना वाटतं ते कारण म्हणजे भीती, आणि ती होतीच, खोटं कशाला बोलू, यांना म्हणजे माझ्या मिस्टरांना कळलं तर काय, भावकीत कळलं तर काय. पण दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. आत्यांनी मला कधी परवानगी दिलेली नाही आणि आता त्या देऊ शकत नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर पदर ढळू दिला नाही तिने काल रात्री काय केलं हे तिच्या नावागावासकट लिहायचा मला अधिकार नाही. म्हणून टोपणनाव घेतलं, 'उंबरा'. खरं तर ते माझ्यापेक्षा त्यांच्यासाठी आहे.

सेटअप अगदी साधा आहे. फुकटात मिळणारा ब्लॉग, स्वतःचं डोमेन घेतलं नाही कारण ते नावावर करावं लागतं, वेगळा ईमेल काढला आणि तो फोनवर ठेवलाच नाही, लॅपटॉपवर वेगळ्या ब्राउझरमध्येच उघडते. हे शेवटचं मी ठेच लागून शिकले. दुसऱ्या महिन्यात एका कमेंटला उत्तर देताना चुकून रोजच्या अकाउंटवरून दिलं आणि माझं खरं नाव आडनाव चाळीस मिनिटं तिथे होतं. लक्षात आलं तेव्हा हात गार पडले होते माझे. तेव्हापासून दोन ब्राउझर म्हणजे दोनच, तुम्ही करणार असाल तर पहिल्या दिवसापासून करा. लिहिताना गाव, दवाखाना, मुलांची शाळा, किती भावंडं असले तपशील बदलते, पण आजाराचा तपशील कधीच बदलत नाही, कारण कोणीतरी तो वाचून आपल्या आईशी ताडून बघत असतं.

फोटोंचं जरा सविस्तर सांगते. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते त्या फाइलमध्येच बसतं हे मला माहीत होतं, म्हणून मी फोटोचा स्क्रीनशॉट काढून तोच टाकायचे. तरी मार्गशीर्षात घोटाळा झालाच. आत्यांच्या हातांचा फोटो टाकला होता, वाकळेवर ठेवलेले दोन हात, बाकी काही नाही असं मला वाटलं. तासाभरात संपर्क फॉर्मवर मेसेज आला, नाव नाही, ईमेल नाही, फक्त एवढंच : 'फोटोत वरच्या कोपऱ्यात पतसंस्थेचं कॅलेंडर आहे, गावाचं नाव वाचता येतंय, काढून टाका.' काढला. त्या माणसाला माझं गाव कळलं होतं, मनात आणलं असतं तर मीही कळले असते. त्याने किंवा तिने पुन्हा कधीही काही लिहिलं नाही. मी अजूनही कधी कधी विचार करते की तो माणूस दर पोस्ट वाचत असेल का.

इथून पुढे खरा विषय.

मी स्वतः मायबोली या मराठी संकेतस्थळावर कित्येक वर्षं रोमात होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रोमात म्हणजे रीड ओन्ली मोडमध्ये, वाचायचं आणि गप्प राहायचं, कोणी वाचनमात्रही म्हणतं. मायबोली १९९६ पासून आहे, मी फार उशिरा गेले, पण गेले ती गप्पच बसले. आत्यांचा आजार नवीन होता तेव्हा एका बाईंचा ब्लॉग सापडला होता, आईच्या आजारपणाबद्दल, त्याही टोपणनावाने लिहायच्या. मी तो पूर्ण वाचला, काही भाग तीनतीनदा, चोरीचा आळ आला की वाद घालू नका, बरोबरीने शोधायला लागा हे मी तिथेच शिकले. (आत्यांचे पैसे तांदळाच्या डब्यात सापडायचे.) आणि एकदाही एक शब्द लिहिला नाही. मग एक दिवस तो ब्लॉग मध्येच थांबला. मला कधीच कळलं नाही की त्यांची आई गेली, की त्या थकल्या, की कोणी वाचत नाही असं वाटून थांबल्या. हे तिसरं कारण असेल तर त्यात माझाही हात आहे, आणि ही गोष्ट मला अजून छळते.

लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००६ साली लिहिलं होतं की ऑनलाइन शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी काही लिहितात आणि एकच माणूस सतत लिहितो. माझ्याकडे नव्वदपेक्षा जास्त असतील. शेहेचाळीस पोस्टी, अकरा महिने, कमेंटी फक्त नऊ, त्यातल्या दोन औषधं विकणाऱ्यांच्या. निनावी कमेंट चालू ठेवलीये, लॉगिन लागत नाही, मी आधी वाचून मग सोडते, तरी नऊच. पहिले तीन महिने मी रोज आकडे बघायचे आणि खचायचे. आकड्यांवर तसाही फार जीव टाकू नका. व्ह्यू म्हणजे माणूस नव्हे, एकाच माणसाने पाचदा उघडलं तरी पाच, आणि यंत्रं येऊन चाळून जातात ती वेगळीच. एका रात्री मला एका तासात सहाशे व्ह्यू दिसले, सगळे एकाच परदेशातून, मी आनंदाने उठून बसले होते, सकाळी कळलं की तिथे माणूस कोणीच नव्हतं.

मला खरी माणसं दिसली ती गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये. फुकट आहे, ब्लॉग जोडायचा, मग लोक काय शोधत शोधत तुमच्यापर्यंत आले ते शब्द दिसतात, सोळा महिन्यांपर्यंतचे. कोणी शोधलं ते दिसत नाही, फक्त शब्द. पहिल्यांदा ती यादी उघडली ती मी आयुष्यात विसरणार नाही.

'आई संध्याकाळी घरी जायचं म्हणते'
'सासू म्हणते मी पैसे चोरले'
'वडील आरशातल्या माणसाशी भांडतात'
'आई मला ओळखत नाही काय करू'

हे शेवटचं 'काय करू' गूगलला विचारलेलं. यंत्राला. कारण घरात विचारायला कोणी नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले त्या दिवशी. आणि एक अजून, जे शब्द फार थोड्या लोकांनी शोधले असतील ते गूगल दाखवतच नाही, शोधणाऱ्याची ओळख पटू नये म्हणून यादीतून गाळतं. म्हणजे क्लिकची बेरीज वर जास्त दिसते आणि खाली शब्द कमी भरतात. त्या फरकात जी माणसं आहेत, ज्यांचा प्रश्न इतका त्यांचा एकट्याचा आहे की तो दाखवलाही जात नाही, मी आता लिहिताना त्यांच्यासाठीच लिहिते. त्यांची ओळख झाकलेली असणं मला बरं वाटतं, जशी माझी आहे.

मराठीत टोपणनावाने लिहिणं नवीन नाहीच म्हणा. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे कथांचं पुस्तक आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने, आणि ही बाई आहे तरी कोण यावर केवढी खळबळ झाली होती, पुढे कळलं की त्या मालतीबाई बेडेकर. खळबळ करणाऱ्यांबद्दल खूप लिहिलं गेलंय. मला विचार येतो तो तेव्हा घरात पुस्तक लपवून वाचलेल्या पोरीबाळींचा, ज्यांनी कोणालाही काही सांगितलं नसेल.

पाचव्या महिन्यात मी एक गोष्ट केली जी सगळ्यात उपयोगी ठरली, त्यामुळे नीट सांगते. मला वाटलं की कमेंट करणं हे फार मोठं काम आहे, शब्द जुळवायचे, मराठी टाइप करायचं, चुकलं तर, कोणी ओळखलं तर. म्हणून मी गूगल फॉर्म केला, ईमेल घेणं बंद ठेवलेला, त्यात एकच प्रश्न, 'आज रात्री जागे आहात का?' आणि एकच उत्तर, 'हो, जागा/जागी आहे'. नाव नाही, काही नाही. त्याची लिंक प्रत्येक पोस्टखाली. उत्तर आलं की शीटमध्ये फक्त तारीख वेळ पडते.

पहिल्या रात्री तीन आले. १ वाजून ५२, २ वाजून ४०, ४ वाजून ५. आत्तापर्यंत दोनशे बारा झालेत. बहुतेक सगळे रात्री एक ते पाचमधले, काही दुपारी येतात ते मला वाटतं परदेशातले, कारण एक मेसेज आला होता न्यू जर्सीहून, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं, की आई पुण्यात आहे, बाई ठेवलीये, मी कॅमेऱ्यातून रात्रभर बघत बसतो आणि इथून काहीच करू शकत नाही. त्यांना मी उत्तर दिलं. अजून एक मेसेज मी लिहून ठेवलाय जवळ : 'ताई तुमचं नाव कधी सांगू नका, तुम्ही कोण ते कळलं तर मला लाज वाटेल तुमच्याशी बोलायची.' मला आधी धक्का बसला, मग पटलं. मी कोणाचीच नाही म्हणून ती माझ्याशी बोलू शकते.

काय चांगलं नाही तेही सांगते. एकटेपणा पूर्ण जात नाही. कोणी अचानक यायचं बंद झालं तर कळायला मार्ग नाही. त्या फॉर्मवर टॅप करणाऱ्याला मी परत विचारू शकत नाही की बरं आहे ना, कोणी फार वाईट अवस्थेत असेल तर मी काहीच करू शकत नाही, म्हणून वरती ठळक लिहून ठेवलंय की टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. आणि घरात एक गुपित सांभाळायचा ताण असतोच. यांना मी सातव्या महिन्यात सांगितलं. त्यांनी वाचलं, गप्प बसले आणि मग म्हणाले, आईच्या अंगणातल्या शेणाच्या सड्याचं लिहिलं नाहीस ते लिही. एवढंच.

आता नणंदेचं. आत्यांचं आजारपण सुरू झाल्यापासून वन्संचं आणि माझं बरं नव्हतं. त्या फोनवर म्हणायच्या, आई माझ्याशी तर चांगली बोलते, तुमच्याकडेच कसं होतं सगळं. पाच मिनिटांच्या फोनवर आत्या खरंच छान बोलतात, हे या आजारात होतं, पण सांगून पटत नाही. मी सांगणं सोडून दिलं होतं. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, अगं तू सहाच्या आत सगळे दिवे लावत जा, अंधार पडायच्या आधीच, आणि आरशावर चादर टाक. मी 'हो' म्हणाले आणि फोन ठेवून तिथेच बसले. ते दोन्ही माझ्या पोस्टीतलं होतं, त्याच क्रमाने, चादर हा शब्दसुद्धा.

त्यांनी कधी ओळखलं मला माहीत नाही. मी सगळे तपशील बदलले होते, पण आत्या गाठोड्यात चार कवड्या बांधतात ते मी बदललं नव्हतं, मला बदलवलंच नाही. लेकीला आईच्या कवड्या कळणारच. त्या काही बोलल्या नाहीत, मी काही विचारलं नाही. पण 'तुमच्याकडेच कसं होतं' हे तेव्हापासून बंद झालं. कोणीतरी विचारेल की मग समोरासमोर बोलत का नाही. मला वाटतं बोललो असतो तर त्यांना माफी मागावी लागली असती आणि मला ती द्यावी लागली असती, आणि आम्हा दोघींनाही ते जमलं नसतं. वाचणं जमलं.

जूनमध्ये वन्सं आठ दिवस राहायला आल्या, चार वर्षांत पहिल्यांदाच रात्र काढायला. पहिल्याच रात्री म्हणाल्या, तू आत जाऊन झोप, मी झोपते आईजवळ सोप्यात. मी झोपले, खरंच झोपले, मध्ये एकदा जाग आली तर सोप्यातला दिवा चालू होता आणि आत्यांचा आवाज येत होता, मला घरी सोडा, आणि वन्संचा, हो गं, सोडते, आधी पाणी पी. मी उठणार होते, उठले नाही.

सकाळी सवयीने शीट उघडलं. रात्रीचा एकच टॅप होता, ३ वाजून १० मिनिटांचा. मी लॅपटॉप बंद केला, चहा टाकला आणि वन्संच्या कपात साखर जरा जास्त घातली, त्यांना लागते.