वर्डप्रेस: क्लासिक थीम ठेवावी की ब्लॉक थीमवर जावं?

एखाद्या छोट्या संस्थेची साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरवर) नव्याने करायची असेल, तर जुन्या वळणाची थीम (साइटचं रूप ठरवणारा साचा) आणि क्लासिक एडिटर (लेख लिहायची जुनी चौकट) ठेवावा की ब्लॉक थीम घेऊन साइट एडिटरवर जावं, जिथे परिच्छेद, फोटो, मेनू असे सुटे तुकडे म्हणजे 'ब्लॉक' जोडून अख्खी साइट घडते, हा प्रश्न येतोच. आमच्या वाचनालयाच्या साइटसाठी मी तो सोडवलाय. वेग, एसईओ (गूगलसारख्या शोधात साइट वर दिसणं) वगैरे बाजूला ठेवतो, नीट काम केलं तर दोन्हीकडे भागतं. खरा प्रश्न, साइट रोज कोण सांभाळणार आणि दर बदलाला त्यांना कुणाला तरी फोन करावा लागणार का, हा आहे.

नुसतं लिहायचं असेल तर क्लासिकची ती कोरी चौकट मला आजही आवडते. मजकूर टाकला, एक-दोन उपशीर्षकं दिली, फोटो लावला की झालं. ज्यांच्या साइटवर लेखांपलीकडे फारसं काही हलत नाही, त्यांनी घाई करू नये.

माझं घोडं अडलं ते लेखाच्या बाहेर. वाचनालयाची वेळ बदलली. ती वरच्या पट्टीत होती, फूटरमध्ये (पानाच्या तळाच्या पट्टीत) होती आणि संपर्काच्या पानावरही. तिन्हींसाठी वेगवेगळे पडदे: पट्टी बदलायला कस्टमायझर, फूटरसाठी विजेट्स, पानासाठी एडिटर. एके ठिकाणी 'पब्लिश' दाबायचं, दुसरीकडे 'सेव्ह', तिसरीकडे 'अपडेट'. हे असं का, ते इतिहास पाहिला की कळतं: विजेट्स २००७ मध्ये आले, मेनूचा पडदा २०१० मध्ये, कस्टमायझर २०१२ मध्ये. गरज पडेल तशी एकेक खोली काढत वाढलेलं घर आहे ते. आमच्या ग्रंथपाल बाई नव्या पुस्तकांची यादी सफाईने टाकतात, पण फूटर म्हटलं की थांबतात. एका पडद्यावर शिकलेलं दुसऱ्यावर कामी येत नसेल तर त्यांनी तरी काय करावं? माझ्यासाठी निर्णय इथेच झाला.

ब्लॉक एडिटर डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसच्या ५.० आवृत्तीबरोबर आला तेव्हा तो लेख-पानांपुरताच होता, त्यामुळे उलट आणखी एक तऱ्हा वाढली. जानेवारी २०२२ च्या ५.९ मध्ये साइट एडिटर आला आणि मग गोष्ट जुळली. हेडर (वरची पट्टी), फूटर, मेनू, सगळे ब्लॉकच. लेखातला परिच्छेद जसा बदलता तसाच फूटरमधला: क्लिक करा, लिहा, सेव्ह करा. एकदा बनवून अनेक जागी वापरायचे जुने रियुजेबल ब्लॉक ६.३ पासून सिंक्ड पॅटर्न झाले. वेळ आता मी अशा एका पॅटर्नमध्ये ठेवली आहे. एकदा बदलली की तिन्ही जागी बदलते.

सगळं गोड आहे असं नाही. एकात एक बसवलेल्या ब्लॉकमधला नेमका बाहेरचा पकडणं किचकट जातं, 'लिस्ट व्ह्यू' (पानावरच्या ब्लॉकची यादी) उघडा ठेवल्याशिवाय मी काम करत नाही. '/' दाबून ब्लॉक आणायची युक्ती इनस्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप करणाऱ्यांना अडचणीची, कारण त्या कळीवर 'य' बसलेला. आणि पान बदलतोय की त्यामागचं टेम्प्लेट, हे नवख्याला चटकन कळत नाही. टेम्प्लेट बदललं तर ते वापरणारी सगळी पानं बदलतात. सेव्ह करताना काय काय बदलतंय याची यादी समोर येते, ती वाचायची सवय मात्र लावावी लागते.

तरीही, साइट एकाहून जास्त हातांत जाणार असेल तर मी ब्लॉक थीमच सुचवेन. तुमचं गणित वेगळं असू शकतं. म्हणून आधी साइटची एक प्रत काढा, त्यावर ब्लॉक थीम लावा, आणि पुढे जे सांभाळणार आहेत त्यांनाच फूटरमधला फोन नंबर बदलायला सांगा. तुम्ही शेजारी बसा, पण माउसला हात लावू नका. जमलं, तर हेडर आणि मेनूचे ब्लॉक 'लॉक' करून साइट त्यांच्या हाती द्यायला हरकत नाही.