लेख लिहून पैसे: वर्षभर करून पाहिल्यावर

आधी निकाल सांगते. पैसे मिळतात, पण त्यात घरभाडं भागत नाही. कोथरूडमधलं तर मुळीच नाही. एखाद्या विषयात तुम्ही मुरलेले असाल आणि दिवसाचे दोन-तीन तास हाताशी असतील, तर करून बघायला हरकत नाही. ‘घरबसल्या महिना पन्नास हजार’ असली जाहिरात वाचून येत असाल, तर राहू द्या.

सदाशिव पेठेतल्या एका करसल्लागाराकडे मी बरीच वर्षं काम केलं. त्यामुळे प्राप्तिकर, पीपीएफ, मुदत ठेवी, नॉमिनेशन हेच विषय मुख्यतः घेतले. लेख लिहून घेणाऱ्या कंटेंट साइटवर नाव नोंदवायचं, नमुना लेख द्यायचा, पास झालात की ऑर्डरी दिसू लागतात. नोंदणीसाठी कुणी ‘डिपॉझिट’ मागितलं तर तिथूनच परत फिरा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

मला मराठीसाठी शब्दाला २० पैसे मिळाले, इंग्रजीसाठी ५०. वर आणखी एक गोम आहे. मराठीत प्रत्यय आणि बरीचशी शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीपेक्षा कमी शब्दांत बसतो. म्हणजे दरही कमी आणि मोजायला शब्दही कमी! हे एकाही संपादकाला पटवता आलं नाही. म्हणून मराठीत लिहिणार असाल, तर लेखामागे ठोक रक्कम मागा.

शब्दावर पैसे असले की लेख फुगतोच. पीपीएफचंच घ्या. या खात्यात त्या महिन्याचं व्याज ५ तारीख संपल्यापासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर मोजतात. म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरावेत. वाचक या एका गोष्टीसाठी आलेला असतो. ऑर्डर मात्र १,२०० शब्दांची. ‘पीपीएफ म्हणजे काय’ हे शब्द ठरावीक वेळा आलेच पाहिजेत, आणि शेवटी प्रश्नोत्तरं. मी ती ओळ दुसऱ्या परिच्छेदात ठेवली होती, लेख चढला तेव्हा ती तळाशी गेली होती. का, तर वाचकाने जाहिराती ओलांडत खाली यावं. शनिवारवाड्यावरच्या लेखाचंही तेच. १७३० साली पायाभरणी, १७३२ साली वास्तुशांत, १८२८ साली आग, हे तीनशे शब्दांत आटोपतं. उरलेल्या नऊशेत ‘काका, मला वाचवा’ किती वेळा म्हणायचं?

‘पुण्यातील टॉप १० मिसळ’ या ऑर्डरीला सरळ नाही म्हटलं. मिसळीचे पैसे देणार नव्हते. दुसऱ्या साइट वाचून ‘स्वतःच्या शब्दांत’ लिहायचं होतं.

हल्ली कामाचं रूपच पालटलं आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, आणि आता पुष्कळ ऑर्डरी ‘लिहा’ऐवजी ‘तपासून द्या’ अशा असतात. यंत्राने केलेलं मराठी येतं, दर निम्मा आणि दुरुस्तीला वेळ दुप्पट. उलट हाताने लिहिलेला लेख ‘एआयने लिहिलाय’ म्हणून परत येतो, कारण त्यांच्या तपासणीच्या साधनाने तसं सांगितलेलं असतं. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून २०२३ मध्ये मागे घेतलं, हे मी एका संपादकाला लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही, पण लेख स्वीकारला गेला. घाऊक मजकुराविरुद्ध गूगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले. त्यामुळे नुसत्या भरताडावर चालणाऱ्या साइटवर फार विसंबू नका.

आता पैशांचं. मध्यस्थ आपला वाटा काढून घेतो; फायव्हर ही फ्रीलान्स कामांची साइट कमाईतले २० टक्के ठेवते, हे धरूनच दर सांगा. परदेशी साइटचे पैसे पेपॅल या ऑनलाइन सेवेवर येतात आणि तिथून आपोआप बँकेत उतरतात, पण शुल्क आणि डॉलरचा त्यांचा भाव यात बरीच रक्कम जाते. भारतातल्या भारतात पेपॅल १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे इथल्या एजन्सीला थेट बँक खातंच द्या. मला एकीकडून १० टक्के टीडीएस (देतानाच कापलेला कर) कापून पैसे आले. पॅन आधीच द्या, नाहीतर २० टक्के कापतात. कापलेली रक्कम प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसते. तुमच्यावर कर लागत नसेल, तर विवरणपत्र भरून ती परत मिळते. हजार-दोन हजारांसाठी कोण भरत बसणार म्हणून पुष्कळजण सोडून देतात. कशाला सोडायचे?

सध्या मी दोनच ठिकाणी लिहिते. दोन्हीकडे ठोक रक्कम, लेखावर माझं नाव आणि दुरुस्तीची एकच फेरी. तासाचा हिशेब पाहिला तर शिकवणीपेक्षा कमीच पडतं, पण शिकवणीला चपला घालून बाहेर पडावं लागतं. गुरुवारची मुदत मात्र कुणाचीच घेत नाही. आमच्याकडे त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट जाते.