सेंट ऑगस्टीन हायस्कूल, न्यू ऑर्लीन्स : शाळेची खरी परीक्षा बॅण्डमध्ये

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहराच्या सेव्हन्थ वॉर्डातली ही मुलांची कॅथलिक शाळा. वर्णभेदाच्या काळात, 1951 मध्ये, जोसेफाइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी ती सुरू केली. कॉलेजची तयारी, धर्मशिक्षण, कडक शिस्त हे सगळं आहेच. तरी इथे मुलाला घालायचं की नाही हे ठरवताना आधी बॅण्ड पाहावा, कारण शाळेचा स्वभाव तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

‘मार्चिंग 100’ हा बॅण्ड एडविन हॅम्प्टन यांनी 1952 मध्ये उभा केला आणि तीन दशकांहून अधिक काळ चालवला. 1967 साली मार्डी ग्रा या शहराच्या कार्निव्हल उत्सवातल्या मानाच्या ‘रेक्स’ मिरवणुकीत चालणारा हा पहिला कृष्णवर्णीय बॅण्ड. वाटेत मुलांवर घाण आणि बाटल्या फेकल्या गेल्या, तरी रांग मोडली नाही. ही शिस्त वाजवण्याच्या तंत्रातूनच येते. मार्चिंगचं नेहमीचं माप पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साधारण 57 सेंटिमीटर. गुडघा उंच उचलताना कंबरेच्या वरचं शरीर हललं, की माउथपीस ओठावर आपटतो आणि सूर फुटतो. म्हणून आधी उभं राहून सूर पक्का करायचा, मग जागच्या जागी पाय, आणि चालणं सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केलेली मुलं मिरवणुकीच्या उत्तरार्धात हमखास ढेपाळतात.

सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती अडकवायचं मोठं फुंकवाद्य, दहा-पंधरा किलोंचा, आणि मिरवणूक काही मैलांची. ढोलपथकात वाजवलेल्याला हे वजन शेवटच्या टप्प्यात कसं बोलतं ते सांगायला नको. फेब्रुवारीतल्या थंड रात्री पितळी वाद्यांचा सूर उतरतो, सॅक्सोफोनची रीड, म्हणजे तोंडाजवळची सूर काढणारी पातळ पट्टी, कोरडी पडून वाकते. दोन-तीन जास्तीच्या रीड खिशात हव्यातच. ग्रॅमी विजेता संगीतकार जॉन बटिस्ट याच शाळेचा, यात नवल वाटत नाही.

खेळात ‘पर्पल नाइट्स’चा, म्हणजे शाळेच्या संघांचा, दबदबा आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये टायरन मॅथ्यू आणि लेनर्ड फोर्नेट, बास्केटबॉलमध्ये एव्हरी जॉन्सन इथलेच. राज्याच्या क्रीडासंघटनेत प्रवेश मिळवायला मात्र शाळेला कोर्टात जावं लागलं. 1967 मध्ये निकाल शाळेच्या बाजूने लागला. पालकांनी एक हिशोब आधीच करावा: अमेरिकन फुटबॉलचा सामना असतो त्याच संध्याकाळी बॅण्डलाही मैदानात उतरायचं असतं. दोन्हीत नाव घालणाऱ्या मुलाची ओढाताण ठरलेली, आणि तिचा पहिला फटका अभ्यासाला बसतो. पहिल्या वर्षी एकच काहीतरी धरावं.

शिस्तीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. लाकडी फळीने मारण्याची शिक्षा इथे अनेक दशकं चालली. आर्चबिशपनी आक्षेप घेतल्यावर 2011 मध्ये ती थांबली, आणि ती चालू ठेवा म्हणून माजी विद्यार्थी आणि पालकच रस्त्यावर उतरले होते. फळी गेली हे चांगलंच झालं. हॅम्प्टन यांच्या बॅण्डने रेक्सच्या वाटेवर जे दाखवलं, ते रोजच्या सरावातून आलेलं होतं, माराच्या धाकातून असं येत नाही.

म्हणून प्रवेशाआधी शाळा पाहायला गेलात, तर वर्ग पाहून परतू नका. संध्याकाळी बॅण्डचा सराव पाहा. चुकलेल्या मुलाला बाजूला घेऊन तोच तुकडा सावकाश करून घेतात, की नुसतं ओरडून पुढे जातात, एवढं नीट बघा.